जुन्या घराला जोडून नवे बांधकाम: भिंतीतून सेंट्रल व्हॅक्यूमचा पाइप घालावा का, आणि कसा?

लष्करकर

नमस्कार.

आमचे घर ग्वाल्हेरला लष्करमध्ये, फालके बाजाराच्या अलीकडे आहे. पुढचा भाग आजेसासऱ्यांच्या वेळचा, दीड फूट जाडीच्या दगडी भिंतींचा आणि लोखंडी गर्डरांवर दगडी पाट टाकून केलेल्या छताचा आहे, आणि तो आम्ही आहे तसाच ठेवणार आहोत. मागचा भाग पाणी मुरून खचला होता. तो उतरवून तिथे दोन मजली आर.सी.सी. बांधकाम चालू आहे. पुढचा एकमजली भाग सुमारे ८०० चौरस फूट आणि मागचे दोन मजले प्रत्येकी ६०० चौरस फूट, असे एकंदर २,००० चौरस फुटांचे घर होईल. मागचा खालचा स्लॅब ओतून झाला आहे, वरच्या मजल्याचे कॉलम उभे आहेत आणि विटांचे काम अजून सुरू व्हायचे आहे.

माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत आणि त्यांना दम्याचा जुना त्रास आहे. इकडची धूळ कशी असते हे ग्वाल्हेरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी लिहिते. मे-जूनमध्ये संध्याकाळी आंधी येते. खिडक्या-दारे लावलेली असतात, उंबऱ्याशी ओले पोते टाकलेले असते, तरीही ती निवल्यावर देवघरात गेले तर समईतल्या तेलावर पिवळट साय धरलेली दिसते. दुसऱ्या दिवशी सकाळी केरसुणी फिरू लागली की खाली बसलेली धूळ पुन्हा उठते आणि आईंना दुपारपर्यंत धाप लागते. डॉक्टरांनी कोरडे झाडणे बंद करायला सांगितले, म्हणून आम्ही साधा व्हॅक्यूम क्लीनर घेतला. पण तो जिन्यावरून उचलून नेणे जड जाते, आणि मुख्य म्हणजे त्याच्या मागून जी गरम हवा बाहेर पडते तिला धुळीचाच वास येतो. तो चालू असताना आई खोलीत थांबूच शकत नाहीत.

त्यामुळे सेंट्रल व्हॅक्यूमचा विचार मनात आला. मोटर आणि डबा घराच्या एका टोकाला, भिंतीतून पाइप, आणि खोल्यांमध्ये ठिकठिकाणी तोंडे, ज्यांत नुसती लांब नळी अडकवायची, एवढी कल्पना मला आहे. ठेकेदाराने असे काम आजवर केलेले नाही. प्लंबर म्हणतो की पाण्याचा दोन इंची पाइप टाकून देतो, त्यात काय अवघड आहे. तोंडे किती आणि कुठे ठेवावीत, दगडी भागाचे काय करावे, प्लंबरचे म्हणणे बरोबर आहे का, आणि मुळात २,००० चौरस फुटांच्या घराला हा खटाटोप करावा का, याविषयी ज्यांनी हे काम केले किंवा पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. विटांचे काम सुरू होण्याआधी मला निर्णय घ्यायचा आहे.

विटा-वाळू

ताई, प्रश्न योग्य वेळी विचारलात. मी ग्वाल्हेरचाच, चाळीस वर्षे बांधकामात काढलेला स्थापत्य अभियंता आहे. लोक असा प्रश्न टाइल्स बसल्यावर विचारतात आणि तेव्हा सांगण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.

पहिली गोष्ट, पाइप आणि यंत्र यांचा विचार वेगवेगळा करा. यंत्र दहा वर्षांनी बदलता येते, दोन वर्षांनी विकत घेतले तरी चालते. पाइप मात्र गिलाव्याआड गेला की गेला. आज फक्त पाइप घालून, तोंडे बंद करून ठेवली, आणि पुढे यंत्र घेतलेच नाही, तरी नुकसान पाइपापुरतेच होईल. म्हणून आत्ताचा निर्णय पाइपाचा आहे आणि तो तुम्ही घ्यावा असे माझे मत आहे.

आता भिंती. या कामाचा पाइप बाहेरून सुमारे ५१ मिमी असतो. वीटकामाच्या आयएस १९०५ या मानकात असे सांगितले आहे की भिंतीत उभी झिरी, म्हणजे पाइप बसवायची खाच, काढायची तर ती जाडीच्या एकतृतीयांशापेक्षा खोल नसावी आणि आडवी झिरी एकषष्ठांशापेक्षा खोल नसावी. हा हिशेब तुमच्या घराला लावून पाहा. नऊ इंची, म्हणजे २३० मिमीच्या भिंतीत उभी झिरी ७६ मिमीपर्यंत चालते, त्यामुळे पाइप आणि त्यावरचा गिलावा आरामात बसतो. त्याच भिंतीत आडवी झिरी ३८ मिमीच चालते, म्हणजे पाइप बसत नाही. साडेचार इंची भिंतीत तर उभी झिरीसुद्धा ३८ मिमीच्या पुढे नेता येत नाही. तुमच्या घरात या भिंतींवर छताचा भार नसेल, तो कॉलम-बीमवर असेल, हे खरे. पण ११५ मिमीच्या भिंतीतून ६५ मिमी खरवडल्यावर मागे जे उरते त्याला भिंत म्हणण्यात अर्थ नाही. अशा भिंतीला पुढे त्याच रेषेत चीर पडते आणि मग रंगाऱ्याला दोष दिला जातो.

यातून आखणी आपोआप ठरते. पाइप उभा जाईल तो फक्त नऊ इंची भिंतीतून, आणि आडवा जाईल तो भिंतीबाहेरून: स्लॅबखाली फॉल्स सीलिंगमध्ये, माळ्यावरून किंवा कपाटांच्या मागून. आडवा पाइप बीमला आडवा येत असेल तर आत्ताच बीमच्या ओतकामाआधी तिथे स्लीव्ह, म्हणजे पाइप जाण्यापुरता नळीचा तुकडा, सोडायला सांगा, आणि ती जागा तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच ठरवा. झालेल्या बीमला छिद्र पाडू देऊ नका. ठेकेदार म्हणेल की दोन इंचांनी काय होते. होते.

दगडी भागात झिरी काढूच नका. आपल्याकडच्या जुन्या भिंती दोन्ही बाजूंनी घडीव दगड आणि मधे चुना-खडीचा भराव अशा असतात. एक दगड हलला की आतला भराव सुटू लागतो. त्याऐवजी जुना आणि नवा भाग जिथे एकमेकांना लागतो त्या भिंतीच्या नव्या बाजूने पाइप उभा आणा, दोन दगडांच्या सांध्यात एकच आरपार भोक पाडा आणि पुढच्या भागाचे तोंड तिथेच, दाराशेजारी ठेवा.

तोंडांच्या संख्येविषयी पुस्तकी उत्तर असे की ९ मीटरच्या होजने, म्हणजे तोंडात अडकवायच्या नळीने, एका तोंडापासून सुमारे ६०० ते ८०० चौरस फूट जागा साफ होते. पण तुम्ही पुस्तकावर जाऊ नका. ९ मीटर सुतळी कापा. जिथे तोंड ठेवायचे आहे तिथे तिचे टोक कोणाला तरी धरायला सांगा आणि दुसरे टोक घेऊन प्रत्येक खोलीच्या लांबच्या कोपऱ्यापर्यंत चालत जा. पलंग, जेवणाचे टेबल, सोफा येणार आहेत तिथे विटा मांडून ठेवा आणि सुतळी त्यांना वळसा घालून न्या, कारण होज हवेतून जात नाही. जिथे सुतळी तोकडी पडेल तिथे एक तर तोंड हलवा किंवा १२ मीटरची होज घेण्याचे ठरवा. तुमचे वर्णन वाचून मला वाटते की तीन तोंडे पुरतील: पुढच्या भागाचे दाराशी, मागच्या खालच्या मजल्याचे जिन्याच्या पायथ्याशी, आणि वरच्या मजल्याचे जिन्याच्या तोंडाशी. जिन्याजवळ ठेवण्याचा फायदा असा की अर्धा जिना वरून आणि अर्धा खालून साफ होतो. दार उघडल्यावर ज्या भिंतीला टेकते ती भिंत मात्र टाळा. उंची साधारणपणे जमिनीपासून दीड फूट ठेवतात. घरात वयस्कर माणसे असतील तर अडीच-तीन फुटांवर ठेवा, म्हणजे होज लावताना वाकावे लागत नाही.

स्वयंपाकघरात ओट्याखाली जमिनीलगत एक फट ठेवतात, जिच्यात केर नुसता सारला की ओढला जातो. दिसायला ती छान वाटते, पण आपल्या ओट्याखाली पडतो तो केर ओला असतो: कांद्याचे पापुद्रे, कोथिंबिरीच्या काड्या, सांडलेले पाणी. हे पाइपात जाऊ नये. ती फट मी ठेवणार नाही.

रावपुरेकर

मी वडोदऱ्यात आठ वर्षांपूर्वी घर बांधले तेव्हा हे काम करून घेतले आणि तुमच्या प्लंबरने सुचवलेली चूकच केली. त्यामुळे हे उत्तर जरा लांबेल, त्याबद्दल क्षमा असावी.

माझ्या प्लंबरने ६३ मिमीचा पाण्याचा पाइप वापरला, ज्याची आतली पोकळी ६० मिमीच्या जवळ असते. त्याचे म्हणणे असे की मोठा पाइप कधी तुंबत नाही. पाण्याच्या बाबतीत ते खरे असेल, पण इथे केर वाहून नेणारी गोष्ट हवा आहे आणि केर तरंगत राहतो तो हवेच्या वेगामुळे. समजा यंत्र मिनिटाला १०० घनफूट हवा ओढते. व्हॅक्यूमच्या पाइपाची पोकळी सुमारे ४७.६ मिमी असते आणि त्यातून ही हवा सेकंदाला २६ ते २७ मीटर वेगाने जाते. ६० मिमीच्या पोकळीतून तीच हवा १७ मीटरच्या आसपास जाते. त्या वेगात केस, धूळ, कागदाचे कपटे जातात, पण वाळूचा खडा, तांदळाचे दाणे, पडलेला स्क्रू उभ्या पाइपात वर चढताना मागे राहतो. एकदा एक वस्तू मागे राहिली की तिच्यावर दुसरी अडकते. होजची पोकळी ३२ मिमी असते आणि पाइप तिच्यापेक्षा मोठा असतो, ते याच विचाराने: जे होजमधून गेले ते पुढे अडू नये. पण पाइप त्याहून फार मोठा झाला तर वेग मरतो.

दुसरी चूक एल्बोची. पाण्याच्या कामातला एल्बो काटकोनात वळतो. व्हॅक्यूमच्या कामात लांब वळणाचे बेंड लागतात आणि टी, म्हणजे फाटा काढायचा तीन तोंडांचा जोड, तीसुद्धा हवेच्या दिशेने वळलेली लागते. काटकोनी आखूड एल्बो फक्त एकाच जागी मुद्दाम लावतात, तो म्हणजे तोंडाच्या लगेच मागे. त्यामागचा विचार फार चांगला आहे: जी लांब, कडक वस्तू पुढे कुठे अडकणार असेल ती तिथेच अडकावी, म्हणजे तोंड उघडून हाताने काढता येते. माझ्या घरात सगळे एल्बो सारखेच होते, त्यामुळे वस्तू कुठेही अडकायला मोकळी होती.

दीड वर्षाने वरच्या मजल्याची ओढ एकाएकी निम्मी झाली. फिल्टर साफ केला, होज बदलून पाहिली, काही फरक नाही. मग दुसरा साधा व्हॅक्यूम क्लीनर आणून तोंडाच्या बाजूने उलटे ओढून पाहिले. हा उपाय लक्षात ठेवावा, बहुतेक अडथळे जसे गेले तसे उलटे परत येतात. माझा आला नाही. शेवटी जिन्याजवळची भिंत फोडली. एल्बोच्या आत एक काडेपेटीची काडी आडवी अडकली होती, तिच्यावर दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, आणि त्याभोवती केस आणि सुतळीचे धागे असे गच्च वळले होते की मुठीएवढा नमदा झाला होता. काडी ज्या जागी अडकली तिथे आतल्या बाजूला सॉल्व्हंटची, म्हणजे पाइप चिकटवायच्या द्रवाची, सुकलेली कड होती. ती कड हातात घेऊन मी बराच वेळ पाहत बसलो होतो, कारण माझ्यासमोरच तो सांधा जोडला गेला होता आणि मला तेव्हा काही कळले नव्हते.

म्हणून हे नीट वाचा. सॉल्व्हंट पाइपाच्या बाहेरच्या अंगाला लावायचा, फिटिंगच्या आत लावायचा नाही. फिटिंगच्या आत लावला तर पाइप आत सरकताना तो पुढे ढकलतो आणि हवेच्या वाटेत त्याची कड तयार होते. पाइपाला लावला तर जास्तीचा सॉल्व्हंट बाहेर येतो आणि फडक्याने पुसता येतो. पाइप काटकोनात सरळ कापला पाहिजे आणि कापल्यावर आतल्या कडेला जी कुसळे राहतात ती चाकूने खरवडून, बोट फिरवून पाहिली पाहिजेत. सगळी लाइन आधी कोरडीच जोडून, सांध्यांवर पेन्सिलने खुणा करून, मगच चिकटवायला घ्यावी. मुख्य आडव्या पाइपाला फाटा जोडायचा तो बाजूने किंवा वरून येईल असा जोडावा. टीचे तोंड खाली असले तर वरून जाणारा केर त्या वापरात नसलेल्या फाट्यात पडून साचत राहतो.

गिलाव्याआधी गळती तपासायची माझी पद्धत सांगतो. ती दुसऱ्या वेळी, फोडलेली भिंत पुन्हा जोडताना शिकलो. सगळी तोंडे घट्ट बंद करा, पाइपाच्या यंत्राकडच्या टोकाला साधा व्हॅक्यूम क्लीनर लावा आणि पेटलेली उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळ धरा. पंखे बंद, खिडक्या बंद. धूर सरळ वर गेला तर सांधा पक्का आहे. धुराची रेघ सांध्याकडे वाकली तर तिथे हवा आत शिरते आहे.

काही ठिकाणी संपूर्ण होज भिंतीतल्या पाइपातच शिरून बसते अशी सोय मिळते. तिच्यासाठी होजच्या लांबीएवढी पाइपाची वाट आणि आणखी मोठ्या घेराची वळणे लागतात. वरच्या अभियंता काकांनी भिंतींचा जो हिशेब मांडला आहे त्यात ती बसणार नाही.

तुळशीकट्टा

मी मुरारला राहते. माझ्या वडिलांना दमा होता, त्यामुळे तुमची काळजी मला कळते, आणि म्हणूनच थोडे वेगळे लिहिते.

सेंट्रल व्हॅक्यूमचा दम्याच्या रुग्णाला खरा फायदा एकच आहे आणि तो मोठा आहे: फिल्टरमधून सुटणारी बारीक धूळ आणि मोटरची हवा घराबाहेर जाते, खोलीत परत येत नाही. पण याचीच दुसरी बाजू अशी की जेवढी हवा बाहेर फेकली जाते तेवढी कुठून तरी आत येते, आणि ती खिडक्यांच्या फटींतून, दाराखालून येते. आंधी चालू असताना किंवा ती नुकतीच निवली असताना यंत्र लावले तर ते बाहेरची धूळ स्वतःच घरात ओढेल. बाहेरची हवा स्वच्छ दिसू लागेपर्यंत थांबावे. नव्या भागात खिडक्यांना चांगल्या रबरी पट्ट्या आणि दाराखाली ब्रशची पट्टी लावणे हे पाइपाइतकेच महत्त्वाचे आहे आणि खर्चाने फार कमी आहे. पुढच्या जुन्या भागात चौकटी आणि दगड यांच्या मधल्या भेगा बुजवून घ्या. आत न आलेली धूळ काढावी लागत नाही.

दुसरे, डबा रिकामा करणे. काही यंत्रांत धूळ मोकळ्या डब्यात पडते आणि काहींत कागदी किंवा कापडी पिशवीत साठते. मोकळा डबा उघडताना धुळीचा लोट उठतो. तुमच्या घरासाठी पिशवीचेच यंत्र घ्यावे, जरी पिशव्यांचा खर्च वरचेवर असला तरी.

तिसरे विचारायला संकोच वाटतो, पण विचारते. तुमच्याकडे झाडायला येणाऱ्या मावशींशी तुम्ही बोललात का? ९ मीटरची होज खांद्यावर घेऊन तीन तोंडांवर फिरायचे आहे त्या मावशींना. त्यांना ते जमले नाही, तर पंधरा दिवसांत केरसुणी परत येईल. आमच्याकडे साध्या व्हॅक्यूमचे तसेच झाले. आणि फरशी ओल्या फडक्याने पुसणे कशानेही सुटत नाही. फक्त क्रम असा हवा की आधी ओढायचे, मग पुसायचे. ओल्या फरशीवरून ओढले तर धुळीचा चिखल होऊन तो पाइपाला आतून लिंपतो.

गाद्या, उशा आणि पडदे यांच्याकडे दुर्लक्ष करून फरशीवर एवढा खर्च करू नये, असे मात्र मला मनापासून वाटते. होज पलंगापर्यंत पोहोचेल आणि गादीचा ब्रश लावता येईल, हे सुतळीच्या मापात धरा.

लष्करकर

तिघांचीही मनापासून आभारी आहे. काल रविवारी सुतळी घेऊन मोजले. विटांचे पलंग आणि सोफे मांडले तेव्हा आई खुर्चीवर बसून पाहत होत्या, आणि माझ्या लक्षात न आलेली गोष्ट त्यांनीच दाखवली: जिन्याच्या पायथ्याशी जिथे मी तोंड धरले होते तिथेच चपलांचे कपाट येणार आहे. ते तोंड आता पलीकडच्या भिंतीत नेले आहे. पुढच्या भागात ओसरीच्या टोकाला ९ मीटर सुतळी दीड हात कमी पडली, म्हणून १२ मीटरची होज घ्यायची असे ठरवले.

मावशींना विचारले. त्या म्हणाल्या की वाकावे लागणार नसेल तर कंबर वाचेल, करून बघू.

आता यंत्र कुठे ठेवावे आणि विजेची काय तयारी करून ठेवावी, एवढेच विचारते. ठेकेदार म्हणतो गच्चीवर पत्र्याची पेटी करून ठेवू, म्हणजे आवाज येणार नाही.

राजेंद्रनगर, इंदूर

गच्चीवर अजिबात नको. मे महिन्यात ग्वाल्हेरला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या पेटीत तो आणखी चढेल आणि मोटरला थंड व्हायला भोवतालचीच हवा लागते. आमच्या इंदूरच्या घरी सहा वर्षांपासून हे यंत्र आहे आणि ते जिन्याखालच्या जागेत, जाळीच्या दाराआड, भिंतीला टांगलेले आहे. आजूबाजूला फूटभर मोकळी जागा आहे. झोपण्याच्या खोलीला लागून असलेली भिंत टाळली, एवढी काळजी घेतली.

विजेसाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, त्याची स्वतःची एमसीबी (जास्त भार आला की आपोआप बंद होणारा स्विच) आणि किमान २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर मुख्य बोर्डापासून सरळ आणा. १,६०० वॉटची मोटर २३० व्होल्टवर सुमारे ७ अँपिअर घेते, पण सुरू होताना तिचा झटका मोठा असतो. घरातल्या नेहमीच्या इन्व्हर्टरवर ती चालणार नाही, तेव्हा तो पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनीवर चुकूनही जोडू देऊ नका.

याशिवाय प्रत्येक तोंडापासून यंत्रापर्यंत दोन तारांची बारीक वायर लागते. तिच्यात साधारण २४ व्होल्टच असतात. होज लावली किंवा तिच्या मुठीवरचे बटण दाबले की यंत्र सुरू होते ते तिच्यामुळे. ही वायर पाइपालाच टेपने बांधत न्यावी, म्हणजे वाट एकच राहते. २३० व्होल्टच्या तारांबरोबर एकाच नळीत ती घालू नये. आमच्या इलेक्ट्रिशियनने ती विसरून आधी पाइप झाकला आणि मग वायरीसाठी पुन्हा झिरी काढावी लागली. गालिच्याच्या फिरत्या ब्रशसाठी तोंडाशेजारी २३० व्होल्टही घ्या, असे तुम्हाला विक्रेता सांगेल. आपल्या फरशीच्या घरांत त्या ब्रशचे काही काम नसते. मऊ केसांचा फरशीचा ब्रश पुरतो.

बाहेर हवा सोडणारा पाइप शक्य तितका आखूड ठेवा, त्याचे तोंड खाली वळवा, कोणत्याही खिडकीखाली येऊ देऊ नका आणि त्यावर झडप किंवा जाळी लावा. आमच्याकडे पहिल्या पावसाळ्यात आत पाल शिरून बसली होती आणि नंतर एकदा गांधीलमाश्यांनी घर केले होते. बाहेरचा पीव्हीसी पाइप उन्हाने ठिसूळ होतो, त्याला रंगाचे दोन हात द्यावेत.

आणि कृपा करून एक गोष्ट करू नका: बांधकाम संपल्यावर राहिलेली सिमेंटची, पीओपीची, टाइल कापल्याची धूळ या यंत्राने ओढू नका. ती इतकी बारीक असते की फिल्टर बसून जातो आणि मोटरवर ताण येतो. ती सगळी ओल्या फडक्याने काढून, घर दोनदा पुसून झाल्यावरच यंत्र पहिल्यांदा सुरू करावे. सहा वर्षांत आम्हाला मोटरच्या आतले, झिजणारे कार्बन ब्रश एकदा बदलावे लागले. ते मोटर दुरुस्त करणाऱ्या कारागिराने बसवून दिले. यंत्र घेताना त्याचे ब्रश, पिशव्या आणि फिल्टर इथे मिळतात का हे आधी विचारा.

विटा-वाळू

इंदूरच्या सदस्यांनी लिहिले ते सगळे योग्य आहे. फक्त एक भर घालतो. गिलावा होण्याआधी प्रत्येक भिंतीचे छायाचित्र, तिच्यावर उघडलेला मेजर टेप धरून घ्या, म्हणजे कोपऱ्यापासून आणि जमिनीपासून पाइप किती अंतरावर आहे हे त्यातच दिसेल. सुतार कपाट ठोकायला येईल तेव्हा ही छायाचित्रे त्याच्या हातात द्या.

लष्करकर

अडीच महिन्यांनी लिहिते आहे. पाइपाचे काम परवा संपले. योग्य मापाचा पाइप आणि लांब वळणाचे बेंड गावात मिळाले नाहीत, बाहेरून मागवावे लागले, आणि त्यात तीन आठवडे गेले. ठेकेदाराची त्यावरून थोडी नाराजी झाली, पण त्या काळात त्याने खिडक्यांच्या चौकटी बसवून घेतल्या. प्लंबरला रावपुरेकरांचे उत्तर वाचून दाखवले. काडीचा आणि नमद्याचा प्रसंग ऐकल्यावर त्याने स्वतःच प्रत्येक कापलेल्या टोकातून बोट फिरवून पाहायला सुरुवात केली.

उदबत्तीने तपासले तेव्हा एकोणीस सांध्यांपैकी दोन ठिकाणी धूर वाकला. एक सांधा पुढच्या दगडी भिंतीच्या भोकाशी होता, जिथे हात नीट पोहोचत नव्हता. दोन्ही कापून नव्या जोडतुकड्याने पुन्हा केले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासले. धूर सरळ वर गेला.

यंत्र आत्ता घेतलेले नाही. जिन्याखाली १६ अँपिअरचा पॉइंट आणि दोन तारांची वायर तयार आहे. खिडक्यांच्या रबरी पट्ट्या मात्र लगेच बसवल्या, जुन्या भागातल्या चौकटींच्या भेगाही बुजवल्या, आणि परवाच्या वाऱ्यात समईच्या तेलावर साय आली, पण नेहमीपेक्षा पातळ होती. उद्यापासून गिलावा सुरू होत आहे. वाळू आत जाऊ नये म्हणून तिन्ही तोंडांना लाकडी बूच मारून वरून प्लास्टिक बांधले आहे, आणि टेप धरून घेतलेली छायाचित्रे घराच्या नकाशाच्या फाइलमध्येच लावून ठेवली आहेत.